उशीवरचा आकडा

प्रज्ञाच्या लेपर्ड गेकोच्या पेटीत एक कोपरा कायम बत्तीस अंशांवर उबदार ठेवावा लागे. ठिपक्यांची ती पाल होती लेकीची, पण दिवसातून तीनदा मीटरवरचा आकडा बघायचे आधारभाऊ.

मागच्या थंडीत त्यांची बायको नर्मदा अंथरुणातून म्हणाली होती, "पालीचा ताप तीनदा बघता, माझ्या कपाळाले एकदा हात तं लावा."

ते नुसते हसले होते. चौथ्या दिवशी ती गेली.

आज सकाळी पेटी साफ करायला त्यांनी दिवा आणि हीट मॅट बंद केली. तापमान मोजणारी वायर काढून नर्मदाच्या रिकाम्या खाटेवर, उशीवर ठेवली.

आकडा एकोणचाळीस झाला.

त्यांनी वायर पुसली. फरशीवर ठेवली, तर अठरा. परत उशीवर ठेवली, तर चाळीस.

भीतभीत त्यांनी उशीवर तळहात टेकवला. उशी गारच होती. आकडा मात्र हळूहळू उतरू लागला. हात उचलला, की लगेच चढला. त्यांनी पुन्हा टेकवला.

"आबा, चहा निवतोय!" स्वयंपाकघरातून प्रज्ञा ओरडली. "किती लाड त्या पालीचे!"

"आलो," ते म्हणाले, पण हात उचलला नाही. तळहाताखाली उशी, ताप उतरताना सुटतो तशा घामाने ओली होत चालली होती.