धुऱ्यावरचा बर्फ

मोजणीला आलेल्या सर्वेयरने साखळी जमिनीवर टाकली आणि तोही प्रज्वलभोवतीच्या कोंडाळ्यात जाऊन उभा राहिला, तेव्हा देवाजीचं डोकंच फिरलं. अर्ज त्याने केला होता. धाकटा भाऊ फकिरा दोघांच्या शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, कोरत आपल्या शेतात दोन हात घुसलाय, ही त्याची तक्रार होती. आणि भीमपूरची माणसं भर उन्हात धुऱ्यावर जमली होती ती फकिराच्या पोराकडून, या प्रज्वलकडून, बर्फाच्या गोष्टी ऐकायला!

प्रज्वल अंटार्क्टिकावरच्या भारताच्या ठाण्यात वर्षभर जनरेटर सांभाळून कालच घरी परतला होता. देवाजीचा पोरगा करण पॉलिटेक्निक अर्धवट सोडून घरात लोळत होता. अर्ज कधी केला, तर प्रज्वल तिकडे जायला जहाजात बसला त्याच दिवशी. खरं दुखणं काय आहे, ते देवाजीला पक्कं ठाऊक होतं.

"बुटाले लागलेली इथली माती बी घासून काढाले लावली," प्रज्वल सांगत होता. "अन् तिथला खडा बी उचलून आनता येत नाही."

"काऊन? कोनाच्या बापाची जमीन हाय ते?" देवाजी खेकसला.

"कोनाचीच नाही, मोठेबाबा. सात देशांनं हक्क सांगतला होता. मंग करार झाला. जुना हक्क कोनी सोडाचा नाही, पन नवा सांगाचा नाही, अन् होता तो वाढवाचा बी नाही. सारे संगं काम करतेत."

कोणीतरी देवाजीकडे पाहून फिसकन हसलं. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"झालं असंल पुरान, तं मोजा आता!"

सर्वेयर ओशाळून साखळीकडे वळला. तेवढ्यात फकिराच म्हणाला, "राहू द्या, साहेब. दादा, तुले जिथं वाटते तिथं गाड दगड. दोन हातानं काय होते?"

देवाजी थिजला. वर्षभर त्याने हे भांडण जपून ठेवलं होतं. फकिराने शिवी घातली असती तरी त्याला बरं वाटलं असतं. त्याने पहार घेतली, दोन नव्हे, फकिराच्या शेतात चांगलं चार हात आत जाऊन खणलं, दगड गाडला आणि पायाने माती दाबली. मग घाम पुसत फकिराच्या तोंडाकडे पाहिलं.

फकिराची पाठ होती. तो पोराला विचारत होता, "मंग तिकडं उन्हाळाभर दिवस मावळतच नाही म्हनतं?"