चित्रापुढचा ग्लास

"आज ठेवू का ग्लास?" मारिसेलनं विचारलं.

"नको," लीलावतीबाई हळूच म्हणाल्या. "माझी ऋता यायचीय अजून."

मारिसेलनं पाण्याचा ग्लास परत टेबलावर ठेवला. तिच्या देशात, क्यूबात, वारलेल्या माणसाच्या चित्रापुढे असा ग्लास ठेवायची रीत होती. चित्र तिनंच काढलेलं. निळ्या-पांढऱ्या लाटांचा घोळदार घागरा घातलेली देवी यमाया, समुद्राची आई, आणि तिच्या मांडीवर मारिसेलची मैत्रीण ऋता. उद्यापासून इथेच, हॉलंडमधल्या लायडन गावात, त्याचं प्रदर्शन होतं.

सात महिन्यांपूर्वी ऋता काटवाइकच्या समुद्रावर पोहायला म्हणून गेली. टॉवेल सापडला, चपला सापडल्या. ती नाही.

तेव्हापासून बाईंचा नेम होता. एक वेळ जेवायचं आणि रोज दुपारी या स्टुडिओत यायचं. आधी यमायाला हात जोडायचे. मग डब्यातला दहीभात, कोथिंबीर वडी, सगळं ऋताच्या आवडीचं, खिडकीबाहेरच्या कठड्यावर पक्ष्यांसाठी ठेवायचं आणि काहीतरी पुटपुटत उभं राहायचं. घरी नवऱ्याला, मोरेश्वरांना, पक्ष्यांची घाण खपत नसे. करड्या मानेचे कावळे समोरच्या कौलांवर येऊन बसत आणि तसेच उडून जात.

"डच आहेत ते. चीज आणा," मारिसेल म्हणायची. बाई हसायच्या नाहीत.

जिन्यावर पावलं वाजली. मोरेश्वर न्यायला आले होते. हातात सायकलचा पंप.

"लीला, तिच्या सायकलीत हवा भरली. चेनला तेलही दिलं. आल्या आल्या लागेल तिला." त्यांची नजर टेबलाकडे गेली आणि चेहरा पडला. "हा ग्लास कशाला?"

"काही नाही हो. ब्रश धुवायचं पाणी. तुम्ही व्हा पुढे, आलेच मी."

ते खाली उतरेपर्यंत बाई थांबल्या. कठड्यावरचा भात तसाच होता. कौलावर एकच कावळा, मान तिरकी करून बसलेला.

बाई खिडकीशी वाकल्या.

"बाबांना सांभाळीन म्हटलं, तरी नाही. तुझा प्रबंध छापून घेईन म्हटलं, तरी नाही." त्यांनी भात जरा पुढे सरकवला. "बरं बाई. उशीखाली ठेवून गेलेली तुझी चिठ्ठी आता नाही लपवत. आजच दाखवते त्यांना."

कावळा शिवला.