अतिथिप्रिय

चर्चच्या कमिटीत आम्ही मंडळीसाठी नवे वडील, म्हणजे कारभार बघणारे ज्येष्ठ, निवडत होतो. पाळकसाहेब शास्त्रात सांगितलेले गुण एकेक करून वाचत होते. सुतारकाका सगळ्यांत चपखल बसत होते. निर्व्यसनी, शांत, शब्दाचे पक्के.

"अतिथिप्रिय?"

आम्ही आठवून पाहिलं. त्यांच्या घरचा चहा कुणीच कधी प्यायला नव्हता.

"मग कसं म्हणायचं?" म्हणत पाळकसाहेबांनी नाव खोडलं.

रविवारी उपासना सुटल्यावर काका नेहमीसारखे दाराशी उभे होते. "आज तरी या ना घरी. तुमची काकू गेल्यावर सहा खुर्च्या केल्यात. पाच अजून कोऱ्याच आहेत."



"पुढच्या रविवारी नक्की," आम्ही म्हणालो, गेली नऊ वर्षं म्हणतोय तसंच.