सशाची हार

“मालकासमोर गोष्ट सांगशील तेव्हा सशाला हरव गं बाई,” सिंडाची आई तिला बजावायची.

लेकीला नदीपलीकडच्या मळ्यावर विकलं, तेव्हा गुलाम सिंडाने तिला ‘भेटायला येईन’ असा शब्द दिला होता. दोनदा मळ्याबाहेर जायचा परवाना मागितला, दोनदा फटके मिळाले.

त्या रविवारी मालकाच्या ओसरीवर, गुलामांच्या झोपड्यांत नेहमी जिंकणारा तिच्या गोष्टीतला ससा लांडग्याच्या पाया पडला. मालक खदखदून हसले.

“अस्सं! नदीपलीकडची माणसं फार शेफारलीत. जाऊन हीच गोष्ट सांग त्यांना.”

“एवढ्या लांब? गुडघे धरलेत हो, मालक.”

“सबबी नकोत!” म्हणत त्यांनी स्वतःच्या हाताने परवाना लिहिला.

त्यांची नजर होती तोवर सिंडा लंगडत चालली. वळणापलीकडे तिने झगा वर खोचला आणि झपाझप नदीची वाट धरली.