बुधवारचे कोफ्ते

फोटिनीने स्वयंपाकघराची खिडकी लावली, दाराच्या फटीत ओलं फडकं सारलं आणि मगच कढईत पहिला कोफ्ता सोडला. चर्र झालं. तिने दचकून छताकडे पाहिलं. वरच्या मजल्यावर पाद्रीबुवांची बायको राहते, आणि त्या बाईचं नाक कसं आहे ते अख्ख्या कलामाता शहराला ठाऊक आहे.

त्यात बुधवार. बुधवारी नि शुक्रवारी आमच्याकडच्या जुन्या बायका मांसाला, अंड्याला, दुधाला शिवत नाहीत. फोटिनी तर चाळीस वर्षांत एकदाही चुकलेली नाही, बाळंतपणातसुद्धा नाही. आज खिमा आणायला ती नेहमीच्या खाटकाकडे गेलीच नाही. बस पकडून थेट बंदराजवळच्या दुकानात गेली, तिथे तिला कुणी ओळखत नाही. आणि आता धूप जाळून ठेवला होता तो काही देवासाठी नव्हता, वासासाठी होता.

एवढा खटाटोप कशासाठी? तर विहिणीसाठी.

ऑक्टोबर संपत आला की लेकीच्या घरात रांधायला कुणाला फुरसत नसते. जावई ऑलिव्हच्या घाण्यावर अडकलेला. लेक देस्पिना शाळेत अठ्ठावीस तारखेच्या राष्ट्रीय दिनाच्या संचलनाची तालीम घेत अंधार पडेपर्यंत उभी. म्हणून रात्रीचं जेवण दोन्ही आज्यांनी वाटून घेतलं. वार ठरवताना फोटिनी तोऱ्यात म्हणाली होती, "उपासाचे दिवस माझ्याकडे द्या. विहीणबाईंना ते जमायचं नाही." कल्लिओपीबाई गोड हसल्या आणि मंगळवार, गुरुवार घेऊन मोकळ्या झाल्या. झालं! त्यांच्या वाट्याला कोंबडी नि कोफ्ते, हिच्या वाट्याला मसूर, चवळी आणि पुन्हा मसूर. आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला बाईने.

नातीला नाव विहिणीचं ठेवलं, कल्लिओपीची लाडाने पोपी झाली, तेही फोटिनीने गिळलं होतं. पण काल रात्री सात वर्षांची पोपी फोनवर म्हणाली, "आजी, उद्या पण कल्लिओपीआजीच येऊ दे ना. तू दमत असशील."

तू दमत असशील! हे पोरीच्या तोंडचे शब्द नव्हेत. फोटिनी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत जळत राहिली. आज बुधवारी नको म्हणतात, पुढे शुक्रवारीही नको म्हणतील. मग या म्हातारीने त्या घरात जायचं कुठल्या निमित्ताने?

संध्याकाळी तिने टेबलावर डबा उघडला तशी देस्पिना किंचाळलीच. तालमीची शिट्टी अजून तिच्या गळ्यातच होती.

"आई! आज बुधवार आहे!"

"मला वार शिकवू नकोस. पोर बघ कशी वाळलीय."

"ही? वाळलीय?"

"तू वाढ मुकाट्याने. देवाचं नि माझं मी बघून घेईन."

पोपीने डब्यात डोकावून पाहिलं आणि टाळ्याच पिटल्या. "कोफ्ते! आजी, आज मसूर नाही?" फोटिनीला वाटलं, जिंकले. समोर खुर्ची ओढून ती नातीच्या तोंडाकडे बघत बसली. हाताखालच्या टेबलक्लॉथला उगाच चुण्या पाडत होती.

पोपीने एक खाल्ला. दुसरा अर्धा खाल्ला. मग थांबली.

"काय गं? आवडले नाहीत?"

"आवडले." पोपी शहाणी मुलगी. ती आधी पाणी प्यायली. "पण कल्लिओपीआजीचे असे नसतात."

"कसे असतात मग?"

"चांगले असतात."

देस्पिनाने एक तुकडा तोडून तोंडात टाकला आणि कपाळाला हात लावला. "अगं आई, अळणी आहेत! मीठच नाही घातलंस. चाखून बघितले नाहीस का?"

"चाखू कशी? बुधवार ना आज!"

देस्पिना हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. "म्हणजे रांधायचे, डब्यात भरून गावभर आणायचे, पोरीला भरवायचे, ते सगळं चालतं. चाखायचं तेवढं पाप!"

"हास, हास. उद्या तुझ्या सासूलाही सांग, म्हणजे दोघी मिळून हसा."

पोपीला आजीची दया आली. तिने खुर्चीवरून उतरून फोटिनीच्या हातावर थोपटलं, अगदी मोठ्या बाईसारखं. "जाऊ दे गं आजी. कल्लिओपीआजीला पण पहिल्यांदा नसतील जमले."

पहिल्यांदा! ही पोर जन्मायच्या आधी, हिची आई जन्मायच्या आधीपासून कोफ्ते तळतेय ही बाई. फोटिनीच्या मानेपासून कानापर्यंत लाली चढली.

मग तिने डब्यातला एक कोफ्ता उचलला आणि अख्खाच्या अख्खा तोंडात घातला.

देस्पिनाचं हसू थांबलं. "आई, अगं..."

फोटिनी चावत राहिली, सावकाश, भिंतीकडे बघत. गिळला. चाळीस वर्षांचे बुधवार एका घासात गेले आणि तिला त्याचं काही वाटलंसुद्धा नाही. पुढचं विचारायच्या आधी मात्र तिने डब्याचं झाकण दोनदा लावलं आणि दोनदा काढलं.

"पोपी," नातीकडे न बघता ती हळूच म्हणाली, "काय घालते गं ती यात?"