साठ दिवसांची मुदत

"आज कोणाची पाळी?" चोला मावशीनं विचारलं.

"नावं संपली, मावशी," ग्रिसेल्दा म्हणाली. "भिंतीवरचं शेवटचं मागच्या खेपेला वापरलं."

नेहमीप्रमाणे भिंतीकडे पाठ करून एव्हारिस्तो काका खुर्चीत बसले आणि चष्मा पुसू लागले.

भिंतीवर फोटो होते. लष्कराच्या राजवटीत घरातून उचलून नेलेली आणि परत न आलेली या गावची माणसं. सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांच्या नातेवाइकांनी ही कचेरी थाटली होती. आतल्या खोलीत एक जुना सर्व्हर घरघरत असे. त्या एकाच यंत्राच्या पोटात काकांनी चार आभासी यंत्रं, म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरनं बनलेले चार संगणक, बसवली होती आणि त्यांत साऱ्या साक्षी साठवल्या होत्या. कोठडीतून वाचलेल्यांच्या, आयांच्या, शेजाऱ्यांच्या. पुढच्या महिन्यात खटला उभा राहायचा होता.

आभासी यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर महाग. त्याचा परवाना विकत घेणं या लोकांना जन्मात जमलं नसतं. पण कंपनी ते साठ दिवस फुकट वापरून बघू देई. मुदत संपली तरी चालू असलेली यंत्रं चालूच राहत. मात्र एकदा बंद पडली की पुन्हा सुरू होत नसत. आणि नदीकाठच्या या गावात उन्हाळाभर वीज जाई. म्हणून काका दर दोन महिन्यांनी येत आणि नवी मुदत मिळवत. एका नावाला कंपनी एकदाच मुदत देई.

भिंतीवरची नावं वापरायची कल्पना चोला मावशीची. पहिली मुदत तिच्या मुलाच्या, रुबेनच्या नावावर घेतली, तेव्हा कंपनीनं त्याला ईमेल पाठवला. 'प्रिय रुबेन, तुमची मुदत संपत आली आहे. तुम्ही परत याल ना?' मावशी आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "चला, त्याची वाट बघणारं माझ्याशिवाय आणखी कोणी तरी आहे."

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. एक पैसा घेत नसत. नाव टाइप करताना फोटोकडे वळून बघायची त्यांना गरज पडत नसे. फोटोखाली न लिहिलेलं मधलं नावसुद्धा ते बिनचूक घालत. "एवढं कसं लक्षात राहतं हो तुमच्या?" ग्रिसेल्दानं एकदा विचारलं होतं.

"पेपरात येतं ते वाचतो, पोरी. निदान आपण तरी विसरू नये."

तिला भरून आलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना कचेरीची किल्ली दिली.

"बेकरीवालीनंही साक्षीतून माघार घेतली," मावशी भोपळ्याच्या तुंबीतला कडू चहा नळीनं ओढत म्हणाली. "कोणी तरी घरी फोन केला म्हणे. नातू कुठल्या शाळेत जातो, तेसुद्धा त्याला ठाऊक. या महिन्यातली ही दुसरी."

"पोलिसांतलीच जुनी माणसं असणार," काका म्हणाले. "आज मी सगळे पासवर्ड बदलून टाकतो."

"तुम्ही आहात म्हणून निभतंय, काका," ग्रिसेल्दा म्हणाली.

तिची स्वतःची साक्ष अगदी छोटी होती. ती सहा वर्षांची असताना तिच्या आईला नेलं. दारामागच्या फोटोतली ती हसरी बाई, ओफेलिया आरेगी. ग्रिसेल्दाला बाप नव्हताच. तीही आईचंच आडनाव लावी. आईला नेलं तेव्हा सातवा महिना चालू होता. मूल जन्मलं का, जगलं का, हे कोणालाच सांगता आलं नव्हतं. तेवढंच कळावं म्हणून ती या खटल्याची वाट बघत होती.

एक गोष्ट मात्र तिनं साक्षीतही सांगितली नव्हती. बाळाचं नाव तिनं ठरवलं होतं. पाववाल्याच्या गाडीला एक कपाळावर चांदणी असलेला घोडा होता, लुसेरो. तिचा फार लाडका. "मुलगा होवो नाही तर मुलगी, लुसेरोच," असं तिनं बजावलं, तेव्हा आईला हसू आवरेना. "बरं बाई. पण आपल्या दोघींतच ठेव. घोड्याचं नाव ठेवतोय म्हटलं तर लोक आपल्याला गावाबाहेर काढतील." तिनं ते दोघींतच ठेवलं होतं. आईला नेलं त्यालाही आता सदतीस वर्षं झाली.

दिवे एकदा मिचकावले आणि गेले. आतल्या खोलीत बॅटरी टिवटिवू लागली.

"कुठलंही नाव घाला, काका," ग्रिसेल्दा म्हणाली. "बॅटरी फार वेळ टिकायची नाही. जुनी मुदत आज संपतेय."

"माझ्या मांजराचं घाल," मावशी म्हणाली. "पांचो."

"मांजराला आडनाव कुठलं, मावशी?"

"माझंच घाल की. माझ्यामागे लावायला आता दुसरं आहे कोण?"

काका हसले. त्यांची बोटं क्षणभर कळांवर थबकली. बॅटरीची टिवटिव वाढली तशी ती भराभर चालायला लागली, हजारदा लिहिलेली गोष्ट लिहावी तशी, न बघता. त्यांनी शेवटची कळ दाबली आणि मान मागे टेकली.

"झालं. द्या आता माझा चहा."

ग्रिसेल्दा गरम पाण्याची किटली घेऊन त्यांच्या मागे आली. तुंबी भरताना तिनं त्यांच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं.

'स्वागत आहे, लुसेरो आरेगी. तुमची साठ दिवसांची मुदत आजपासून सुरू होत आहे.'