इल्दाबाईंचं पातेलं

टॅक्सी दारात आली. पोर्तुगालमधल्या या खेड्यात आमची पेन्शन पुरत होती, पण बोलायला माणूस मिळत नव्हता. वर्षभर घरातच येरझाऱ्या घालून शेवटी मी साताऱ्याला परतायचं ठरवलं.

"अहो, शेजारच्या इल्दाबाईंचं पातेलं द्यायचं राहिलं!" प्रमिला शिरा ढवळत म्हणाली. "रिकामं देतात का कधी?"

"विमान थांबणारे का तुझ्या शिऱ्यासाठी?" मी करवादलो आणि भरलेलं पातेलं घेऊन मीच पळालो.

इल्दाबाई हसून ते आत घेऊन गेल्या. मी दारात चुळबुळत उभा. बाहेर आल्या आणि तेच पातेलं त्यांनी परत माझ्या हातात ठेवलं. काठोकाठ अंजिरं.

टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. प्रमिलानं पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मी डिकीतून बॅग उतरवली.

"रवा उरलाय का गं?"